मुक्याच्या वाडीतला वाघ

रेव्हरंड दानिएल लोखंडे बैलगाडीतून उतरले ते बोलतच. एक पाय जमिनीवर, दुसरा चाकाच्या आऱ्यावर आणि तोंडात अर्धं वाक्य. ते वाक्य परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर सुरू झालं होतं, असं गाडी हाकणाऱ्या सुमंतनं मला नंतर सांगितलं.

"...आणि म्हणूनच मी म्हणतो, ही पवित्र भूमी आहे," रेव्हरंड म्हणाले. "कुठं आहे ती जागा?"

"कोनती?" माझ्या आजोबांनी विचारलं.

"वाघाची."

आजीच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. तो पडला की तिनं पाडला, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

"बस, दानिएल," आजोबा म्हणाले. "लय दुरून आला तू. पानी पी."

रेव्हरंडांचं तोंड उघडं राहिलं. नगरमध्ये त्यांना त्यांची बायकोसुद्धा 'तुम्ही' म्हणत असे. सुमंत खाली वाकून बैलाचं खूर बघायला लागला. खुराला काही झालेलं नव्हतं.

सुमंत म्हणजे रेव्हरंडांचा मुलगा. सरकारी जनावरांचा डॉक्टर. वर्षभरापूर्वी आमच्या बैलाच्या घशात आंब्याची कोय अडकली तेव्हा तो वाडीवर आला. त्यानं बैलाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला आणि मी बैलाची शिंगं धरली. अशा ओळखीनंतर माणसं एकमेकांशी फार लाजत नाहीत. चार महिन्यांत आमचं ठरलं. फक्त सुमंत म्हणाला, "पप्पांना विचारून सांगतो." पिसाळलेल्या म्हशीपुढं उभा राहणारा माणूस, पण 'पप्पा' म्हणताना तो शर्टाची वरची गुंडी लावायचा.

आणि पप्पा हो म्हणाले ते माझ्याकडं बघून नाही, वाघाकडं बघून.

आता वाघाचं सांगण्याआधी आमचं सांगायला हवं. आम्ही मित्र समाजाचे. ख्रिस्तीच, पण आमच्यात पाळक नाही, गाणी नाहीत, घंटा नाही. सगळ्यांनी समोरासमोर बाकांवर बसायचं आणि गप्प राहायचं. ज्याच्या आत काही हललं त्यानं उभं राहून बोलायचं आणि बसायचं. कधीकधी दोन-दोन रविवार कुणाच्या आत काही हलत नसे. शेजारच्या कोरकू लोकांनी सुरुवातीला एकदा खिडकीतून पाहिलं, त्यांना आमची दया आली, आणि गावाचं नाव पडलं मुक्याची वाडी. साहेबानं ठेवलेलं नाव मित्रवाडी. ते फक्त साहेबाला माहीत होतं.

साहेब म्हणजे विल्यमसाहेब. मोठ्या दुष्काळात आईबाप गेलेली सात पोरं त्यानं वाढवली, आणि ती मोठी झाल्यावर मेळघाटाच्या पायथ्याशी रान तोडून शेती करायला पाठवली. त्या रानात पहिली कुऱ्हाड घातली ती माझ्या आजोबांनी, शमुवेल तायडेंनी. साहेबानं त्यांना एक बैलजोडी दिली आणि नियम दिले. खोटं बोलायचं नाही. शपथ घ्यायची नाही. भावात घासाघीस करायची नाही. कुणापुढं पागोटं काढायचं नाही, आणि देवाघरी सगळे सारखे म्हणून सगळ्यांना 'तू' म्हणायचं. शेतीबद्दल तो फार बोलला नाही, कारण त्याला ती येत नव्हती. पहिल्या वर्षी त्यानं त्यांना विलायती सलगम पेरायला लावलं. रानडुकरांनी त्याला फार दुवा दिला.

पण नियम आजोबांनी धरले ते धरलेच. बांधाच्या भांडणात कोर्टात गेले आणि शपथ घेईनात. "मी रोज खरं बोलतो. आज काय येगळं बोलू?" असं त्यांनी न्यायाधीशाला विचारलं, तेही 'तू' म्हणून. बांधालगतची जमीन तेवढी गेली.

आणि दुसऱ्या वर्षी वाघ आला. गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पहाटेची वेळ, शमुवेल शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकटे बसलेले, शांत, डोळे मिटून. समोर वाघ. शमुवेल हलले नाहीत. वाघानं त्यांच्याकडं बघितलं, मान फिरवली आणि रानात गेला. आजीनं हे लांबून पाहिलं. साहेबानं ते आजीकडून ऐकलं आणि विलायतेला सांगितलं. तिकडं कुणीतरी चित्र काढलं. त्यात वाघ गुडघे टेकून बसलाय, आजोबांना राजासारखा फेटा आहे आणि मागं समुद्र आहे. मेळघाटात.

ते चित्र फिरत फिरत नगरला रेव्हरंड लोखंड्यांच्या हाती लागलं. तेव्हापासून त्यांनी दुसरं प्रवचन केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. शास्त्रातला सिंहांच्या गुहेतून जिवंत आलेला दानिएल, मग मेळघाटातला शमुवेल, मग स्वतः दानिएल लोखंडे अशी ती चढण होती. मध्ये ते वाघाची डरकाळी काढायचे. सोलापूरला एका म्हातारीला ती ऐकून भोवळ आली होती, आणि हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. पुण्याच्या एका डॉक्टरची मुलगी सुमंतसाठी जवळजवळ ठरलेली होती. पण डॉक्टरकडं वाघ नव्हता.

तर असे रेव्हरंड वाडीवर आले. शनिवार होता. चार वाजता आमची सभा बसणार होती, कारण आमच्यात लग्न फक्त मुलामुलीनं ठरवून होत नाही. सगळ्या सभेपुढं ठेवायचं. मतं मोजत नाहीत. एकाचीही 'ना' असली तर नाही, आणि पाहुण्याची 'ना' असली तरी नाहीच.

दुपारभर रेव्हरंड आजोबांना गाठायला बघत होते.

"शमुवेलबाबा, मला एक सांगा, वाघ जेव्हा..."

"भाकर घे," आजी मध्येच ताट घेऊन यायची.

"बाबा, त्या क्षणी तुमच्या..."

"ठेचा घे. झोंबल, पन घे."

ठेचा खरंच झोंबला. थोडा वेळ शांतता मिळाली.

मी चुलीपाशी आजीला धरलं. "त्यांना बावाला विचारू का देत नाहीस?" आजोबांना मी बावा म्हणायचे.

"इचारलं तं तो सांगल."

"मग सांगू दे की."

आजीनं तव्यावरची भाकरी उलटली, कारण नसताना परत उलटली. "तबिथा, तुले ह्या पोराशी लगन करायचं हाय का नाई?"

"आहे."

"मंग चार वाजेपावतर त्या दानिएलाच्या तोंडात काई ना काई घालत राह."

चार वाजले. सभेच्या खोलीत पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. शांतता बसली. आम्हाला ती घरच्या घोंगडीसारखी. रेव्हरंडांना मात्र ती चावायला लागली. त्यांनी घड्याळ पाहिलं. खोकले. पाय हलवला. एक गाणं नाकात गुणगुणले. मग त्यांच्या आत काहीतरी हललं. तसं ते त्यांच्या आत सतत हलतच असायचं. ते उभे राहिले.

सगळं प्रवचन झालं. सिंह झाले, मेळघाट झाला. डरकाळी आली तेव्हा बाहेर बांधलेल्या गाई दावी ओढायला लागल्या. आणि शेवटी दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "शमुवेलबाबा, या मंडळीसमोर सांगा. वाघ समोर उभा होता, तेव्हा तुमच्या अंतःकरणात काय होतं?"

आजीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आमच्यात कुणी बोललं की लगेच उत्तर देत नाहीत. शब्द जिरू देतात. रेव्हरंडांना वाटलं, लोक भारावलेत. मग आजोबा सावकाश उठले.

"अंतःकरणात काई नव्हतं, दानिएल," ते म्हणाले. "जे होतं ते पोटात होतं."

रेव्हरंडांनी पसरलेले हात खाली घेतले.

"आदल्या दिवशी अंबाडीची शिळी भाजी खाल्ली होती. पहाटेच कळ आली. लोटा घेतला अन् धुऱ्यावर गेलो. धोतर झुडपावर टाकलं अन् बसलो. तं समोरून वाघ. आता तूच सांग, उठू कसा? अन् पळू कसा? अशा वक्ती मानूस पळत नाई. मी भेवानं डोळे मिटले. वाघ जवळ आला. त्यानं वास घेतला. मंग तोंड फिरवलं अन् चालला गेला." आजोबांनी जरा विचार केला. "मी वाघ असतो तं मी बी गेलो असतो."

"पण... पण आजवर तुम्ही..." रेव्हरंड म्हणाले.

"मले कोनी इचारलंच नाई. सारे मलेच सांगत होते."

ते खाली बसले. बायकांच्या बाकावर कुणाच्या तरी नाकातून आवाज आला. मग दुसरीच्या. आमच्याकडं हसू आलं तर तेही आतून आलेलं धरतात, त्यामुळं कुणी थांबवलं नाही. मुक्याच्या वाडीची सभा इतकी बोलकी कधी झाली नव्हती.

आजी उठून उभी राहिली. "मी बी खोटं बोलली नाई," ती म्हणाली. "साहेबानं इचारलं, बसला होता का? म्या म्हनलं, हो. शांत होता का? हो. डोळे मिटून होता का? हो. काय करून रायला होता, हे त्यानं नाई इचारलं. साहेब मानूस. बायमानसाले कसं इचारल?"

रेव्हरंडांचा चेहरा अंबाडीच्या बोंडासारखा लाल झाला. "म्हणजे मी वीस वर्षं," ते म्हणाले, "देवाच्या मंदिरात उभा राहून एका..."

ते वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. त्यांनी अर्धं सोडलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

"हे लग्न होणार नाही," ते म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीनं आम्ही जातो."

"एकाची बी ना, तं नाई," आजोबा म्हणाले, आणि शेजारच्याचा हात हातात घेतला. आमच्यात सभा तशीच संपते.

मी आजोबांना ओट्यावर गाठलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचं.

"बावा, एकदा गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? जन्मभर तेच तर केलंस."

"इचारलं नं त्यानं."

"खोटं नको बोलू. पण थोडं कमी खरं?"

"थोडं कमी खरं तुही आजी बोलते," आजोबा म्हणाले. "मले ते जमत नाई, बाई." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. तो हात काढून टाकावा इतका राग मला आला होता, पण काढला नाही.

सुमंत गोठ्यात बैलाजवळ बसला होता. "सकाळी बोलतो मी पप्पांशी," तो म्हणाला.

"काय बोलशील?"

"ते मला बोलू देतील तेव्हा ठरवीन."

बैलानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यालाही आशा दिसत नसावी.

या बैलाचं नाव नबुखद्नेस्सर. पवित्र शास्त्रातला हा राजा गर्वापायी बैलासारखं गवत खायला लागला, म्हणून आजोबांनी ठेवलं होतं. घरी आम्ही नबू म्हणायचो. अंगानं हत्ती, स्वभावानं बरा, पण एक खोड होती. आमच्यात वाढलेला असल्यामुळं त्याला बोलण्याचा आवाज सोसत नसे. कुणी मोठ्यानं बोललं की तो मान खाली घालून त्याच्या अंगावर जायचा. म्हणून रेव्हरंडांना आणायला त्याला गाडीला जुंपलं नव्हतं.

रविवारी पहाटे मी गोठ्यात गेले तर खुंट्याशी नबू नाही. दावं तुटलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. कुणी सोडलं, हे मी आजीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

"रेव्हरंड उठले का?" एवढंच मी विचारलं.

"मघाच उठला. लोटा देल्ला म्या," आजी चूल फुंकत म्हणाली. "कुठी जाऊ म्हने. म्या म्हनलं, धुऱ्याकडं जा. तिथी आडोसा चांगला हाय."

मी पदरात गुळाचा खडा बांधला, खांद्यावर शाल टाकली आणि निघाले.

धुऱ्यावर बोरीचं झाड आहे. त्याच्या अलीकडं मी थांबले, कारण पलीकडं रेव्हरंड दानिएल लोखंडे बसले होते. नगरच्या माणसाची इस्त्री मोडू नये म्हणून पॅन्ट त्यांनी काढून, घडी घालून, झुडपावर नीट ठेवलेली होती. आता तिचा एक पाय नबूच्या तोंडात होता. नबू त्यांच्यापासून हातभर लांब उभा राहून सावकाश चावत होता. रेव्हरंड शांत होते. डोळे मिटून.

पवित्र भूमी बघायची त्यांची फार इच्छा होती. ती हीच.

मी झाडामागं पाठमोरी झाले. घाईत माझ्या तोंडून घरचंच आलं. "दानिएल, हलू नको."

"कोण? तबिथा?" इतका बारीक आवाज त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

"हो. बोलूही नका. त्याला आवाज आवडत नाही."

"काही करेल का तो?"

"गप्प बसलात तर नाही."

ते गप्प बसले. उजाडत होतं. तुरीत लावे ओरडत होते. नबूचा जबडा कराकरा चालला होता. मी मधूनच मान वळवून फक्त नबूकडं बघत होते. पॅन्टचा एक पाय संपला, दुसऱ्याला वेळ लागला, कारण खिशात काहीतरी पुस्तक होतं. गूळ माझ्या पदरात होता. तो मी लगेच काढला नाही. रेव्हरंडांनी आयुष्यात पहिल्यांदा मित्र समाजाची पूर्ण उपासना केली, ती मोडावीशी वाटेना.

शेवटी मी गुळाचा खडा पुढं केला, नबू आला, मी त्याची वेसण धरली आणि शाल झाडापलीकडं फेकली.

बऱ्याच वेळानं आवाज आला. "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"कुणाला सांगणार आहेस?"

"मी आपणहून कशाला सांगेन?" मी म्हटलं. "पण कुणी विचारलं तर..."

"विचारतीलच," रेव्हरंड म्हणाले. "पॅन्ट कुठं गेली म्हणून."

"विचारतील."

"आणि तू तुझ्या आजोबांसारखी आहेस?"

मी खरंच विचार केला. "बरीचशी. थोडी आजीसारखी."

पलीकडं पुन्हा शांतता पसरली. ही मात्र विचार करणाऱ्या माणसाची होती.

आम्ही परत आलो ते असे: पुढं मी, मागं नबू, त्याच्या शिंगाला लोंबणारा पट्टा, आणि त्याच्या मागं भरपूर अंतर ठेवून कमरेला माझी शाल गुंडाळलेले रेव्हरंड. ओट्यावर आजोबा होते. आजी दारात होती. सुमंत दात घासत होता, तो तसाच थांबला.

"पप्पा," तो म्हणाला, "तुमची पॅन्ट..."

"माझी हरकत नाही," रेव्हरंड म्हणाले.

"कशाला?"

"लग्नाला. कुणालाही काही विचारायची गरज नाही. सभा बोलवा. आत्ता."

"आंघोळ तं कर, दानिएल," आजोबा म्हणाले.

सकाळच्या सभेला ते आजोबांचं धोतर नेसून बसले. घड्याळ पाहिलं नाही, खोकले नाहीत. शांतता पिकली तेव्हा उठले, म्हणाले, "माझी हरकत नाही," आणि बसले. पुढचा सगळा वेळ डोळे मिटून होते. सभा संपल्यावर आजोबांनी त्यांचा हात हातात घेतला.

"आतून आलं का?"

"आतूनच," रेव्हरंड म्हणाले.

आमचं लग्न झालं. सुमंत जनावरांचा डॉक्टर असल्यामुळं त्यानं पट्ट्यावरच्या दातांच्या खुणा ओळखल्या होत्या. बैल पप्पांच्या समोर उभा होता आणि पप्पा जागचे हलले नाहीत, एवढं त्यानं त्यावरून आणि पप्पांच्या अंगावर ओरखडा नव्हता यावरून काढलं. ते त्यानं आईला सांगितलं, आईनं नगरला सांगितलं. सासऱ्यांनी प्रवचनातला वाघ पुढंही ठेवला, पण डरकाळी काढणं बंद केलं. जेवायला बसल्यावर कुणी माझ्याकडं वळून "वहिनी, ते बैलाचं..." म्हणालं, की सासरे म्हणायचे, "तिला भाकरी वाढा." माझी जेवणं त्या घरात फार चांगली झाली.

पंचवीस वर्षांनी सासरे गेले. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी नवे तरुण पाळक माझ्याकडं आले. हातात पेन होतं.

"वहिनी, बैलाचा प्रसंग तुम्ही प्रत्यक्ष पाहिलात ना?"

"पाहिला."

"रेव्हरंड बसलेले होते?"

"बसलेले होते."

"आणि शांत?"

"अगदी शांत."

"डोळे मिटून?"

"मिटून."

त्यांनी लिहून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी मंदिर खच्चून भरलं होतं. पाळकांनी सिंह सांगितले, वाघ सांगितला, आणि मग बैलावर आले. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. सुमंत हुंदके देत होता. मी पहिल्या बाकावर होते. शांत. डोळे मिटून.